देवळाची घंटा

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सेसिलिया,

तुझे पार्सल शनिवारी, ऐन माघी गणपतीला पोचले. आत निघाले ते असे: बाटली मसाला एक, बूच घट्ट, सांडलेला नाही. बिंबलांच्या लोणच्याची बरणी एक. नवी चिंच, चिंचोके काढलेली, अर्धा किलो भरली. ज्या जुन्या परकरात सगळे बांधले होतेस तो धुऊन ठेवला आहे. टपालाला तुला एकशे अठरा रुपये पडले, पावती वरच चिकटली होती. एवढ्यात इथे बाजारात पाऊण किलो चिंच आली असती. पण ती तुमच्या रानातली नसती, म्हणून बोलत नाही.

फोन केला तर तुला ऐकू येत नाही, ओठ बघून समजायची सोय नाही, आणि मोबाइलवर लिहिले तर आमची सूनबाई संचिता माझ्या खांद्यावरून वाचते. तेव्हा आपले टपालच बरे. आणि आज जे लिहायचे आहे ते तिने वाचू नये असेच आहे.

ह्यांना रेल्वेतून निवृत्त होऊन दुसरे वर्ष. दिवाळीत ह्यांनी एक यंत्र आणले. लांब दांडी, खाली ताटलीसारखी चकती, कानाला लावायचे वेगळे. जमिनीखाली धातू असला की म्हणे आत शिट्टी वाजते. किंमत विचारली तर म्हणाले, "तुझ्या वहीत लिहिण्याइतकी नाही." म्हणजे बरीच असणार. दर रविवारी पहाटे निघतात, कुठे ते सांगत नाहीत, चिखलमातीचे बूट घेऊन संध्याकाळी येतात. आजवरची कमाई म्हणजे गंजके खिळे आणि घोड्याचा एक नाल. शेजारी विचारतात तर सांगतात, "रानातले खिळे वेचतो, जनावरांच्या पायात जातात." इतकी भूतदया ह्यांना कधीपासून आली ते मला माहीत नाही.

काल मात्र वेगळेच झाले. देवासाठी आणलेल्या नारळांतला एक कमी. कापराची डबी अर्धी. माझ्या कुंकवाच्या कोयरीत बोट घालून कोणी तरी उकरलेले. आणि हे घरी आले ते एक गोणपाट छातीशी धरून, तान्हे मूल धरावे तसे. माळ्यावर टाकले आणि शिडी आपल्या खोलीत नेऊन ठेवली. मी म्हटले, "काय आहे त्यात?" तर म्हणाले, "खिळे."

सेसिलिया, नारळ फोडून कोणी खिळे वेचत नाही. हल्ली गुप्तधनाच्या नादाने माणसे काय काय करतात ते आपण ऐकतो. तू शहाणी आहेस, तुला काय वाटते ते लिही.

तुझी,
नंदा

---

टेंभी नाका, ठाणे
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदे,

येशू-मरियेची कृपा. पत्र मिळालं. पार्सल फुटलं नाही वाचून जीव भांड्यात पडला, मागच्या वेळी तुझ्या पोस्टमनने अर्धा मसाला खाल्लेला.

सहदेवभावजींचं काय ते मला सांगता येत नाही गो, कारण माझंच डोकं ठिकाणावर नाही. घोडबंदरच्या आतल्या आमच्या रानात कोणी तरी खणलंय. आधी लहान लहान खड्डे दिसत होते, आम्ही म्हटलं रानडुकरं. पण सोमवारी आमचा भाऊ अल्फान्सो गेला तर जुन्या दगडी खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, मागे, जांभळीखाली, चांगला कमरेएवढा खड्डा. काठावर फोडलेला नारळ, जळका कापूर आणि लाल पूड. अल्फान्सो म्हणतो ही करणी आहे, आणि करणारा पोपट.

पोपट तुला आठवेल. आपण शाळेतून रानात सहलीला जायचो तेव्हा झाडावर चढून जांभळं हलवायचा तो. बापापासून रान राखतोय. तिथेच झोपडी, बायको वासंती, दोन बकऱ्या. आमच्या घरी जेवायला बसला की आमच्या आईला, मामाला, बरं वाटावं म्हणून तोही आमच्यासारखा कपाळा-छातीला हात लावून खुरूस करतो, तोही उलट्या हाताने. असला माणूस करणी करील असं मला वाटत नाही. पण अल्फान्सो ऐकेना. म्हणाला, "रानात दुसरं कोण येतं? तिथे काय पुरलंय ते त्यालाच माहीत." महिनाअखेर झोपडी सोड म्हणून त्याला सांगून टाकलंय. पोपटाने पाय पुढे केला. म्हणाला, "बाय, माझ्या पायात कधी बूट बघितलास काय?" कारण खड्ड्याच्या मातीत बुटांचे ठसे होते. मी ते अल्फान्सोला सांगितलं. तो म्हणाला, बूट कोणीही उसने घेतं.

मला भीती वाटते. हा माणूस रानाबाहेर कुठे जाणार? तुझ्या ओळखीत असलं खणणारं कोणी ऐकिवात असलं तर कळव.

तुझी,
सेसिलिया

---

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सेसिलिया,

पत्र पोचले. इकडे सर्व ठीक. दूध पुन्हा दोन रुपयांनी चढले. संचिताने मिक्सर बिघडवला, दुरुस्तीला साडेतीनशे गेले. बिंबलांचे लोणचे सर्वांना आवडले. आज पौर्णिमा, सत्यनारायण केला, प्रसाद बरा झाला होता.

पोपटाचे वाचून वाईट वाटले. अशा बाबतीत आपण बायकांनी फार न पडलेले बरे. रानात राहणारे लोक वाघदेवाला नारळ फोडतात, शेंदूर वाहतात, त्यात करणी कसली? ती लाल पूड शेंदूरच असणार. आणि बुटांचे म्हणशील तर रानात हल्ली फिरायला येणारे पुष्कळ.

ह्यांच्याबद्दल मी मागे उगीच लिहिले. हे रविवारी टिटवाळ्याला गणपतीला जातात. काळजी नसावी.

परकर पाठवू का? टपालखर्च त्याच्या किमतीहून जास्त होईल, म्हणून विचारते.

तुझी,
नंदा

---

टेंभी नाका, ठाणे
१५ फेब्रुवारी २०२५

नंदे,

परकर ठेव. पुसायला घे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या पत्रात सहदेवभावजी कुठे जातात ते सांगत नाहीत. ह्या पत्रात टिटवाळ्याला जातात. गणपतीला जाणारा माणूस चिखलाचे बूट कशाला घालतो, आणि यंत्र कशाला नेतो? गणपती काय जमिनीखाली आहे? माळ्यावरच्या गोणपाटाचं तू एक अक्षर लिहिलं नाहीस. तू कधी काही विसरत नाहीस. शाळेत माझ्याकडून घेतलेल्या पेन्सिलीच्या टोकाची तू मला लग्नात आठवण करून दिलेलीस.

लाल पूड शेंदूर की कुंकू, ते आम्हां लोकांना काय कळणार? म्हणून पोपटालाच विचारलं. तो म्हणाला, "शेंदूर तेलात कालवतो आम्ही. हे कोरडं हाय." मग मी स्वतः रिक्षा करून रानात गेले आणि खड्ड्याच्या काठची चिमूटभर उचलून आणली. ह्या पत्रात कागदाची पुडी आहे. ती उघड आणि वास घे. मला कानाने ऐकू येत नाही, नाक अजून शाबूत आहे.

बाकी काही लिहीत नाही.

सेसिलिया

---

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सेसिलिया,

पुडी उघडली. केवडा. आमच्या आईपासून आमच्या घरचे कुंकू केवड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात, आणि शाळेत असताना दर चैत्रात आमच्याकडे येऊन तू ते हुंगायचीस. ठाणे-कल्याणात दुसऱ्या कुणाचे तसे असेल असे मला वाटत नाही.

मी खोटे लिहिले. नवरा आहे, काय करू. पण पुडी हातात आल्यावर मला देवापुढे बसवेना. हे दूध आणायला गेले तेव्हा त्यांच्या खोलीतून शिडी आणली आणि माळ्यावर चढले. गोणपाटात घंटा निघाली. लहान कळशीएवढी, हिरवीकाळी, आतला लोलक गेलेला. उचलताना माझा खांदा भरून आला.

हे आले तेव्हा मी शिडीवरच होते.

"उतर खाली," म्हणाले. "पडशील."

"हे खिळे का?"

म्हणाले, "चोरी नाही केली मी. ज्या देवाची त्याला परत देतोय. नारळ फोडून, परवानगी मागून काढली."

"परवानगी कुणाची? अल्फान्सोभाऊंची?"

"जमीन खणताना भूमीची मागतात. तूच घराच्या पायाला फोडलेलास ना नारळ?"

आणि ते खरे आहे.

आता ही कल्पना ह्यांच्या डोक्यात आली कुठून ते ऐक. माझ्याकडूनच. तुझी मामा आपल्याला जांभळीखाली बसवून सांगायची, "आपल्या देवळाची घंटा हय् रानात पुरलेली हाय, लढाईच्या वेळेस." मी ती गोष्ट ह्यांना लग्न झाल्यापासून किती वेळा सांगितली असेल. ह्यांनी ती मनात धरून ठेवली. आमच्या सोसायटीच्या शंकराच्या देवळाला चांगली घंटा नाही, आणि मंडळाचा मितेश ह्यांना प्रत्येक सभेत म्हणतो, "काका, तुम्ही बसा, पोरं बघतील." ह्यांना एकदा तरी उभे राहायचे होते, सेसिलिया. शिवरात्रीला ती घंटा टांगायची, असे मंडळात ठरूनही गेले आहे. मितेशने नवा लोलक करायला टाकला. मी सोडून सर्वांना माहीत होते.

मी ती घासली. तुझ्याच चिंचेने, मग रांगोळीने. मला राहवले नाही. देवाचे भांडे काळे बघवत नाही. हिरवे सगळे गेले आणि पोटावर त्रिशूळ निघाला, स्पष्ट. खाली एका ठिकाणी मिळालेला, वर तीन फाटे. त्याच्या वर काही अक्षरे आहेत, झिजलेली, मोडीसारखी वाटली. कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घेतला आहे, सोबत जोडते. पळीने हळूच वाजवली तर स्वयंपाकघरातली ताटेसुद्धा बोलली.

म्हणजे शंकराचीच आहे. देवाची वस्तू देवाकडे जाते आहे, यात मला पाप दिसत नाही. तरी जमीन तुमची, म्हणून तुला सांगते. अल्फान्सोभाऊंना एवढेच सांग की खणणारा पोपट नव्हे, तुझी खात्री आहे. ह्यांचे नाव मात्र घेऊ नकोस. पेन्शनवाला माणूस आहे, पोलिसात गेले तर हाय खातील.

तुझी,
नंदा

---

टेंभी नाका, ठाणे
२२ फेब्रुवारी २०२५

नंदे, वेडे,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय. शिवरात्रीच्या आत पोचू दे.

तू माझ्याबरोबर मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलीस. रविवारी मी शाळेच्या सहलीला का येत नाही विचारलंस की मी काय सांगायची? "देवळात जायचंय." मी कुठल्या देवळात जायची गो? शंकराच्या?

आमच्या तोंडी चर्चला देऊळच म्हणतात. मामा म्हणते, आजी म्हणायची, आजीची आजी म्हणायची. "आपल्या देवळाची घंटा" म्हणजे त्या खुरसापाशी जे लहान चर्च होतं त्याची. पोर्तुगीज हरले, मराठे आले, तेव्हा घंटा काढून नेत होते म्हणून आमच्या माणसांनी रात्रीत पुरली, अशी आमच्यात सांगोवांगी आहे. आम्ही भावंडं मामाला हसायचो. अल्फान्सो तर अजून म्हणतो, म्हातारीची घंटा डोक्यातच वाजते.

आता तुझा छाप काढ आणि नीट बघ. वरची अक्षरं मोडी नाहीत. आय, एच, एस. येशूच्या नावाची खूण. मधल्या अक्षरावर बारका खुरूसही आहे, तुझ्या पेन्सिलीत आलाय. आणि खाली जो तुझा त्रिशूळ, त्याला दांडा कुठे आहे? ते तीन खिळे आहेत. येशूला ज्यांनी ठोकलं ते. टोकं एकत्र करून काढायची पद्धत आहे. भावजी तुला खरंच बोलले, रानात खिळे वेचतो म्हणून.

मामाला छाप दाखवला. तिला दिसत नाही, तिने बोटाने चाचपला, कागदावर काय लागणार. पण म्हणाली, "तिचा एक कान तुटलेला असल, टांगायचा." बघून सांग.

आता वाईट. पोपट गेला. अल्फान्सोने महिनाअखेरची वाट बघितली नाही, सोमवारी माणसं नेऊन झोपडीवरचे पत्रे उतरवले. वासंतीच्या माहेराकडे गेलेत म्हणतात, कुठल्या पाड्यावर ते कोणाला ठाऊक नाही. मी अल्फान्सोला म्हटलं तो नव्हता, माझी खात्री आहे. म्हणाला, "मग नाव सांग." मी गप्प राहिले, तुझ्यासाठी. तुझ्यासाठी मी गप्प आहे आणि पोपट उघड्यावर आहे, हे लक्षात ठेव.

अल्फान्सोचाही जीव त्रासलाय. रानात मोजणीवाले फिरतात. जानेवारीतच रॉकीने, त्याच्या पोराने, मोबाइलवर एकाचा फोटो काढलेला. कानाला काही लावलेला, हातात लांब दांडी, खाली चकती. रॉकी म्हणाला, चोर असेल. अल्फान्सो फोटो बघून म्हणाला, मोजणीवाला आहे, तू कोणाकडे बोलू नको. मला कशाची मोजणी ते सांगत नाही.

घंटा टांगू नका, नंदे. शपथ घालत नाही. तुला कळेल ते कर.

सेसिलिया

---

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
१ मार्च २०२५

प्रिय सेसिलिया,

पत्र सोमवारी दुपारी मिळाले. एक कान तुटलेला आहे.

ह्यांना पत्र वाचून दाखवले. दोनदा वाचायला लावले. मग छाप उलटा धरला, सुलटा धरला. म्हणाले, "दांडा झिजला असेल." मी म्हटले, "दांडा झिजतो आणि फाटे झिजत नाहीत, असे कुठे असते?" मग बराच वेळ यंत्राची चकती पुसत बसले.

"आता मंडळात काय सांगू?"

"जे आहे ते."

"मितेश हसेल."

"हसू दे. तिकडे पोपटाच्या घरावर पत्रा नाही."

शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी सभा होती. हे उभे राहिले. मितेश म्हणाला, "काका, तुम्ही बसा." हे बसले नाहीत. घंटा कुणाची, कुणाच्या जमिनीतून न विचारता काढली, सगळे सांगितले. मंडळात दोघे-तिघे तावातावाने बोलले. एक जण म्हणाला, आता त्रिशूळ म्हणून निघाली तर त्रिशूळच समजायचा, कोण बघायला येतो. हे म्हणाले, "माझी बायको बघते." लोक हसले. पण घंटा टांगली नाही. शिवरात्रीला जुनीच वाजली, तिचा आवाज पातेल्यासारखा आहे. लोलकाचे पैसे मितेशने ह्यांच्याकडून घेतले.

मला वाटले होते घंटा घेऊन सरळ तुझ्याकडे यावे. पण आमच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, जमिनीत सापडलेले जुने असे परस्पर कुणाला देता येत नाही, सरकारात कळवावे लागते, आणि कळवले नाही तर देणारा-घेणारा दोघे अडकतात. म्हणून गुरुवारी आम्ही दोघे सामानाच्या ट्रॉलीत ती घालून ठाण्याला तहसील कार्यालयात गेलो. तिथला कारकून म्हणाला, "इतकी चकचकीत? जुनी आहे कशावरून?" मी म्हटले, मी घासली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, जुन्या वस्तू घासत नाहीत." हे मला आधी कुणी सांगायचे. पंचनामा झाला. आता ती ना तुमच्या देवळात ना आमच्या. त्यांच्या कपाटात आहे. तुमचे फादर अर्ज करू शकतात, असे तो म्हणाला. तोवर मामाला एकदा नेऊन हात लावू देतील का, तेही विचारले. बाहेर उन्हात वाट बघत बसावे लागेल, पण देतील. तूही हात लाव. कुणी वाजवली तर तुला कानाने नाही, तळव्याने कळेल.

आता मुख्य. ह्यांनी तिथे सहीनिशी लिहून दिले आहे की जांभळीखालचा खड्डा मी खणला, नारळ-कुंकू माझे, त्यात पोपटाचा काही संबंध नाही. नाव लपवलेले नाही. ह्यांना नोटीस येईल म्हणतात. येऊ दे. शिक्क्याच्या दोन प्रती सोबत आहेत. एक अल्फान्सोभाऊंना दे. दुसरी पोपटाची.

आणि सेसिलिया, तू माझी पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचलीस, तसे मी तुझीही ठेवली. रॉकीने जानेवारीत फोटो काढला तो ह्यांचा. कान झाकलेला, दांडी, चकती, दुसरे कोण? अल्फान्सोभाऊ आमच्या मुलाच्या लग्नात ह्यांच्या पंगतीला बसले होते, पुढे दोन वेळा तुझी बरणी घेऊन घरी आले. ह्यांना ओळखले नसेल? आणि नसले ओळखले, तरी बूटवाला, यंत्रवाला माणूस रानात फिरतो हे त्यांना पोपटावर आळ घेण्याच्या आधीच ठाऊक होते. मग पोपटच का? आणि महिनाअखेरपर्यंतही का थांबवेना? मोजणीवाले रानात कशासाठी येतात, आणि मोजणीच्या वेळी रानात कुणाची झोपडी, बापापासूनची, उभी असली आणि तिची वहिवाट कागदावर चढली तर कुणाची अडचण होते?

कदाचित माझी चूक असेल. मी खिळ्यांना त्रिशूळ समजणारी बाई. पण माझ्या घरचे मी शिडी लावून बघितले, आता तुझ्या घरचे तू बघ. रागावलीस तरी चालेल, परकर परत मागितलास तरी चालेल.

वासंतीचे माहेर येऊरच्या पलीकडच्या पाड्यावर आहे, असे तिने मला एकदा, तुझ्याकडे ठाण्याला आले असताना, जांभळे विकताना सांगितले होते. पाड्याचे नाव आठवत नाही, तिकडे विचार. जायला रिक्षा दोनशेच्या खाली येणार नाही, ते पैसे मी देईन. पोपट भेटला का, आणि पत्रे पुन्हा चढले का, एवढे उलट टपाली कळव. अल्फान्सोभाऊ काय म्हणतात ते नको. तू स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून, मग लिही.

तुझी,
नंदा